सूत्र, तंत्र आणि ग्रंथ : माग ते संगणक

ज्ञानव्यवहारात रूढ असलेले आपले कितीतरी शब्द मुळात विणकराच्या घरचे आहेत. ‘सूत्र’ म्हणजे धागा. ‘तंत्र’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ माग, मागावरचा ताणा असा आहे. ‘ग्रंथ’ हा शब्द ओवणे, बांधणे या अर्थाच्या ‘ग्रथ्’ धातूपासून आला. युरोपातही टेक्स्ट आणि टेक्स्टाईल हे दोन्ही शब्द ‘विणणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाले. वस्त्र, ग्रंथ आणि गणनयंत्र यांचे नाते केवळ शब्दांपुरते नसून त्याला भक्कम ऐतिहासिक आधार आहे.

कल्याण परिसराला वस्त्रव्यवहार नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. सहाव्या शतकात कॉसमस या ग्रीक व्यापाऱ्याने येथून निर्यात होणाऱ्या मालात कापडाची नोंद केली. विसाव्या शतकात उल्हास नदीकाठी मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या ‘एन.आर.सी.’चा, कारखाना उभा राहिला आणि गावाची ओळखच धाग्याशी जोडली गेली. रेयॉनचा धागा लाकडाच्या लगद्यापासून होतो. लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करून दाट द्रव तयार करतात आणि तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की त्याचे तंतू बनतात. कागदही अशाच लगद्याचा. रेयॉनची साडी आणि पुस्तकाचे पान ही दोन्ही सेल्युलोजचीच रूपे होत.

हातकागदाच्या काळात हे नाते अधिकच निकटचे होते. जुन्नर येथे आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद होत असे. सुती चिंध्या व जुने दोर भिजवून, कुटून त्यांचा लगदा करीत. जीर्ण वस्त्राचा तो जणू पुनर्जन्मच! जैन हस्तलिखितांची परंपरा प्रथम ताडपत्रांवर बहरली. पाने विस्कटू नयेत म्हणून मध्ये छिद्र पाडून त्यातून दोरा ओवीत. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज उरली नाही. तरीही लेखनिक पानाच्या मध्यभागी ती जागा मोकळी सोडून तेथे लाल ठिपका किंवा चौकट रेखाटत राहिले. पोथी पूर्ण झाल्यावर ती वस्त्रातच बांधली जाई.

छिद्राने ज्ञान बांधून ठेवता येते, हे पोथीने दाखवले. छिद्राने आज्ञाही देता येते, हे मागाने दाखवले. फ्रान्समधील लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास छिद्रित कार्डांवर चालणारा माग सिद्ध केला. कार्डावर छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. नक्षी विणकराच्या स्मरणातून कार्डांच्या माळेत उतरली. सोलापूरच्या प्रसिद्ध चादरींवरील वेलबुट्टी याच जॅकार्ड पद्धतीची देणगी आहे.

1839 मध्ये जॅकार्डचेच चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे 24,000 कार्डे लागली. त्याची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या संग्रही होती. आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्यांनी हीच कार्डांची कल्पना स्वीकारली. 1843 मध्ये एडा लव्हलेस यांनी त्या यंत्रावरील टिपणांत मागाच्या नक्षीकामाशी त्याची तुलना केली. 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी छिद्रित कार्डांवरूनच माहितीची मोजदाद केली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या संगणकांची स्मृती म्हणजे तारांत ओवलेल्या इवल्याशा चुंबकीय कड्या. त्या ओवण्याचे काम बहुधा हातांनीच होत असे.

या तिन्ही कलांचा संगम 1886–87 मध्ये लिऑन येथे झाला. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या धर्तीवर एक प्रार्थनाग्रंथ छापण्याऐवजी रेशमात विणण्यात आला. त्याचे प्रत्येक अक्षर लाखो कार्डांच्या आज्ञेने उमटले.

तथापि, कार्ड नक्षी सांभाळते, हात सांभाळत नाही. मुडबिद्रीच्या भांडारात ‘धवला’ टीकेची ताडपत्रे शतकानुशतके सुरक्षित राहिली, परंतु जुनी कन्नड लिपी वाचणारे विरळ होत गेले. विद्वानांनी परिश्रमपूर्वक प्रती केल्या, डॉ. हीरालाल जैन यांनी संपादनाचा भार उचलला, आणि 1939 पासून अमरावतीहून तो ग्रंथ खंडशः प्रकाशित होऊ लागला; तेव्हाच तो पुन्हा वाचकांच्या हाती आला. 2009 मध्ये मोहन्याचा कारखाना बंद पडला. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटत होती. यंत्रांचे आराखडे कागदावर राहतात. धाग्याचा ताण बोटांनी ओळखणाऱ्या कामगाराचे कसब मात्र कोणत्याही कार्डावर नोंदलेले नसते.

आज पोथ्यांची पाने संगणकात साठवली जात आहेत, हे स्तुत्यच आहे. पण ती लिपी वाचणारा एक विद्यार्थी घडवणे आणि जुन्या कामगाराकडून त्याच्या कामाची हकिकत लिहून घेणे, हीही तितकीच मोठी ज्ञानसेवा होय. सूत्र अखंड राहते ते एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यानेच.