कन्हैयालाल: पडद्यावरचा सावकार आणि इतिहासाचे साधन

हिंदी चित्रपटाचा इतिहास बहुधा नायक, नायिका आणि दिग्दर्शक यांच्या नावांनी लिहिला जातो. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला त्यात एखादी ओळ येते. पण समाजातील एखादी ओळखीची व्यक्तिरेखा वर्षानुवर्षे पडद्यावर टिकते ती अशा नटांमुळेच. कन्हैयालाल चतुर्वेदी (१९१०–१९८२) हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

कन्हैयालाल यांचा जन्म वाराणसीचा. वडिलांची तेथे नाटकमंडळी होती, त्यामुळे रंगभूमीचे संस्कार घरातच झाले. १९३०च्या दशकात ते मुंबईच्या चित्रसृष्टीत आले. मेहबूब खान यांच्या ‘औरत’ (१९४०) या चित्रपटात त्यांनी सुखीलाला हा सावकार साकारला. मेहबूब यांनी तीच कथा ‘मदर इंडिया’ (१९५७) या नावाने पुन्हा चित्रित केली. नायिका बदलली, मुलगे बदलले. सुखीलाला मात्र कन्हैयालाल यांच्याकडेच राहिला.

या सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला होता. ‘मदर इंडिया’च्या आरंभी वृद्ध राधा कालव्याचे उद्घाटन करते, नव्या राष्ट्राची आशा तेथे दिसते. पुढे कथा मागे जाते आणि जुना सावकार जसाच्या तसा समोर येतो. लग्नासाठी काढलेले ५०० रुपयांचे कर्ज आणि त्याच्या व्याजापोटी पिकाचा तीन चतुर्थांश वाटा, असा हा व्यवहार आहे. अटींविषयी वाद होतो, तेव्हा पंचही सावकाराच्या बाजूने कौल देतात. म्हणून सुखीलालाला आरडाओरडा करावा लागत नाही. कन्हैयालाल त्याला लाघवी, मऊ बोलणारा, थोडा हास्यास्पदही करतात. त्याचे बळ मनगटात नाही, वहीत आहे. हे त्या अभिनयातून नेमके कळते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ही वही अपरिचित नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी कर्जरोखे आणि वह्या हस्तगत करून जाळल्या. माणसांवर हल्ले तुलनेने थोडे झाले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. मराठी चित्रपटातही बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये हाच प्रश्न मांडला होता. ‘मदर इंडिया’तला बिरजूही वह्या जाळतो, पण तो सावकाराचा खूनही करतो आणि शेवटी आईच्याच गोळीने मरतो.

येथे सावधगिरी हवी. सुखीलाला हा ग्रामीण पतव्यवहाराचा पुरावा नव्हे. सावकार दुष्ट, म्हणून शेतकरी कर्जबाजारी, असे चित्रपट सहज सुचवतो. शेतसारा, दुष्काळ, न्यायालये आणि पर्यायी पतपुरवठ्याचा अभाव ही कारणे त्यात मागे पडतात. मात्र प्रेक्षक कोणत्या सावकाराला चटकन ओळखत होता, याचे ते मोलाचे साधन आहे.

पुढे ‘गंगा जमना’ (१९६१), ‘उपकार’ (१९६७), ‘दुश्मन’ (१९७१) आणि ‘हम पाँच’ (१९८०) अशा चित्रपटांतून कन्हैयालाल दिसत राहिले. कधी लाला, कधी मुनीम. एकाच साच्यात अडकणे ही नटाची मर्यादा मानली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो साचा चार दशके का टिकला, हाच खरा प्रश्न वाटायला हवा.

स्वाध्याय: ‘मदर इंडिया’ पाहून सुखीलालाच्या सत्तेचे आधार कोणते, ते लिहा. त्यांपैकी कोणते आधार १८७५च्या दंग्यांतही आढळतात?