गुडघ्यातील कूर्चा आणि एमआरआयची मोजपट्टी

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी जेथे एकमेकांवर सरकतात, तेथे त्यांच्या पृष्ठभागावर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. त्याची जाडी साधारणतः २ ते ४ मिलिमीटर असते; वाटीच्या मागील बाजूस ती याहून अधिक भरते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे तिची झीज आरंभी जाणवत नाही आणि सहसा भरूनही येत नाही.

क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधील अंतरावरून तिचा केवळ अंदाज बांधला जातो. एमआरआयमध्ये मात्र ती प्रत्यक्ष दिसते. प्रत्येक छेदावर कूर्चेची सीमारेषा आखून संगणकाच्या साहाय्याने तिची जाडी आणि आकारमान काढता येते. यालाच संख्यात्मक एमआरआय म्हणतात.

मोजमाप किती भरवशाचे?

तीच वस्तू पुन्हा मोजली असता तोच आकडा यावा, ही कोणत्याही मोजपट्टीची पहिली कसोटी होय. एकाच व्यक्तीला यंत्रातून बाहेर काढून पुन्हा झोपवले आणि त्याच गुडघ्याची दुसऱ्यांदा तपासणी केली, तर कूर्चेच्या मोजमापात साधारणतः १ ते ३ टक्क्यांची तफावत आढळते. ती किरकोळ वाटेल. परंतु झिजेच्या संधिवातात कूर्चा कमी होण्याचा सरासरी वेगही अनेक अभ्यासांत वर्षाला १ ते २ टक्क्यांच्या आसपासच आढळला आहे. शिवाय त्रुटी दोन्ही वेळच्या मोजमापांत असते. ती २ टक्के धरली, तर एकाच रुग्णाच्या दोन तपासण्यांत सुमारे साडेपाच टक्क्यांहून अधिक फरक पडल्याखेरीज तो बदल खरा आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही.

तफावतीची कारणे

छेद जाड असल्यास कूर्चेची कडा पुसट होते. सीमारेषा आखणारी व्यक्ती बदलली वा यंत्र बदलले, तरी आकडा बदलतो. खुद्द कूर्चाही स्थिर नसते. उठाबशा काढल्यानंतर वाटीमागील कूर्चेचे आकारमान काही टक्क्यांनी घटते आणि पूर्ववत होण्यास तासाहून अधिक अवधी लागतो. म्हणून काटेकोर अभ्यासांत तपासणीपूर्वी रुग्णाला विश्रांती दिली जाते. मोजणाऱ्यालाही आधीची प्रतिमा कोणती आणि नंतरची कोणती, हे सांगितले जात नाही; अन्यथा झीज होणारच या अपेक्षेचा परिणाम आकड्यांवर होऊ शकतो.

समूह आणि व्यक्ती

शेकडो गुडघ्यांची सरासरी काढली की कमी-अधिक चुका परस्परांना छेद देतात आणि सूक्ष्म बदलही स्पष्ट होतो. याच भूमिकेतून अमेरिकेत ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात २००४ ते २००६ या काळात ४५ ते ७९ वर्षे वयाच्या ४,७९६ व्यक्तींची नोंदणी झाली आणि ३ टेस्ला क्षमतेच्या यंत्रांवर एकाच ठरावीक पद्धतीने त्यांच्या गुडघ्यांच्या प्रतिमा घेण्यात आल्या.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रायफर्मिन या औषधाच्या चाचणीत ५४९ रुग्ण होते. सर्वाधिक मात्रा दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर कूर्चेची जाडी, औषधविरहित इंजेक्शन दिलेल्या गटाच्या तुलनेत, सरासरी ०.०५ मिलिमीटरने अधिक आढळली. एवढा सूक्ष्म फरक एमआरआयने टिपला. वेदनेत मात्र दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही.

रुग्णांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वर्षभराच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत २-३ टक्क्यांची घट दिसली, तर ती झीजच आहे असे समजून धास्तावू नये आणि तेवढीच वाढ दिसली, तर एखाद्या उपचाराने कूर्चा परत आली असेही मानू नये. तुलना करावयाचीच असेल, तर शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने आणि पुरेशा विश्रांतीनंतर तपासणी करून घ्यावी. उपचारांचा निर्णय मात्र वेदना, हालचाल आणि डॉक्टरांनी केलेली प्रत्यक्ष तपासणी यांच्या आधारेच व्हावा.