रंगविलेल्या मस्तकाची कुळकथा

एखाद्या नामांकित कलावंताचा वीतभर उंचीचा, रेझिनमध्ये ओतलेला अर्धपुतळा विकत आणावा आणि फावल्या वेळी बारीक कुंचले घेऊन त्याच्या निर्जीव करड्या मुद्रेवर रक्तामांसाचा वर्ण चढवावा, हा आजचा एक आवडता छंद आहे. मुलांचा खेळ म्हणून त्याची संभावना करणारे लोक पुष्कळ आढळतील. परंतु त्याची वंशावळ तपासू गेल्यास असे दिसते की, रंगविलेली मूर्ती आणि कलावंताची मूर्ती ही दोन निरनिराळी घराणी एकदा एकत्र आली, लवकरच विभक्त झाली, आणि त्यांचा तुटलेला संबंध या छंदाने पुन्हा जोडला आहे.

या दोहोंत रंगविलेल्या मूर्तीचे घराणे फार प्राचीन. १९१२ साली ईजिप्तमधील अमार्ना येथे थुतमोस नामक मूर्तिकाराच्या कारखान्याच्या अवशेषांत सापडलेला नेफर्तिती राणीचा अर्धपुतळा चुनखडीच्या दगडाचा असून, त्यावर गिलाव्याचे थर आणि त्या थरांवर रंग आहेत. ग्रीकांच्या संगमरवरी मूर्तीही रंगीतच असत. प्राक्सितेलीस या थोर मूर्तिकाराला, स्वतःच्या संगमरवरी कृतींपैकी कोणत्या अधिक आवडतात असे विचारले असता, ज्यांना निकियास या चित्रकाराचा हात लागला त्या, असे उत्तर त्याने दिल्याची हकीकत रोमन ग्रंथकार प्लिनी याने नमूद केली आहे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी ज्याच्या स्वाधीन केली जाते त्या कारागिराचा मान ज्याने पाहिला आहे, त्याला या उत्तराचे मर्म सांगावयास नको.

कलावंताच्या मूर्तीचे घराणे त्या मानाने अर्वाचीन होय. देव, राजे आणि धर्मगुरू यांच्या पंक्तीत गवंड्याला किंवा पाथरवटाला स्थान देण्याची कल्पना मध्ययुगात सहसा कोणाच्या मनात येत नसे. परंतु प्राग येथे सेंट व्हायटसच्या महामंदिराचे काम चालू असता, सम्राट चौथा चार्ल्स, त्याचे कुटुंबीय आणि आर्चबिशप यांच्या वालुकाश्मातील अर्धपुतळ्यांच्या मालिकेत त्या इमारतीच्या दोन मुख्य स्थपतींनाही जागा मिळाली. त्यांतील एक पीटर पार्लर. १३५६ साली सम्राटाने त्याला प्रागला बोलाविले, आणि १३७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्याच कारखान्यात हे २१ पुतळे घडले. जमिनीवरून सहसा नजरेस न पडणाऱ्या उंच सज्जात ते बसविलेले आहेत, आणि तरीही ते रंगविलेले होते, हे त्यांवर उरलेल्या वर्णलेपाच्या अंशांवरून सिद्ध होते. आमच्या छंदाचा मूळ पुरुष शोधावयाचा तर तो येथे.

यानंतरचा प्रकार मात्र चमत्कारिक आहे. कलावंताची प्रतिष्ठा जसजशी वाढली, तसतसा त्याच्या पुतळ्यावरील रंग उतरला! फ्लॉरेन्सच्या महामंदिराचा घुमट उभारणारा ब्रुनेलेस्की १४४६ साली वारला, तेव्हा त्याचा दत्तक पुत्र बुज्जानो याने त्याचे संगमरवरी स्मारक केले. १४९० साली त्याच मंदिरात बेनेदेत्तो दा मायानो याने जॉत्तो या चित्रकाराची संगमरवरी प्रतिमा बसविली. जन्मभर रंगांत बुडालेल्या जॉत्तोच्या मुखावर रंगाचा स्पर्श नाही! रोमच्या मातीखालून निघणाऱ्या प्राचीन मूर्तींचे रंग झडून गेलेले असल्यामुळे वर्णहीनता हेच आभिजात्याचे लक्षण मानले गेले. भाजलेल्या मातीच्या आणि मेणाच्या पुतळ्यांवर रंग टिकला खरा, पण अजरामर कीर्तीसाठी संगमरवर किंवा कांसे हेच मुक्रर झाले.

स्पेनमध्ये रंगाची मिरासदारी शाबूत राहिली. इतकी की, तिच्यासाठी कज्जे झाले. सेव्हिल येथे लाकडी मूर्ती कोरणाऱ्याने ती स्वतः रंगवू नये, ते काम सनदी चित्रकाराचे, असा व्यवसायसंघाचा दंडक होता. मोंतान्येस या मूर्तिकाराच्या मूर्तींना त्वचेचा वर्ण देणारा पाचेको याने, मोंतान्येसने कोरणे आणि रंगविणे या दोहोंचा मक्ता एकट्याने घेतल्यावरून १६२२ साली जाहीर पत्रक काढून फिर्याद मांडली. याच पाचेकोचा जावई व्हेलास्केथ. त्याने पुढे मोंतान्येसचे चित्र काढले; त्यात तो वृद्ध मूर्तिकार राजाचे मस्तक मातीत घडवीत आहे.

अठराव्या शतकात विंकेलमान या जर्मन पंडिताने १७६४ च्या आपल्या ग्रंथात, शरीर जितके शुभ्र तितके सुंदर, असा निर्वाळा दिला आणि कलाशाळांनी तो शिरोधार्य मानला. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थ्यांचा हात प्लास्टरच्या पांढऱ्या ग्रीक मूर्तींपुढे बसूनच वळविला जाई. इंग्रज मूर्तिकार गिब्सन याने १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात किंचित वर्णच्छटा दिलेली व्हीनस ठेवली, तेव्हा पुष्कळांना ती असभ्य वाटली.

अशा रीतीने प्रतिष्ठितांच्या दरबारातून हद्दपार झालेला रंग आज छंदिष्टाच्या मेजावर परतला आहे, आणि येताना त्याने आपली जुनी रीतही आणली आहे. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी याने इटालियन चितारीकामाचे जे नियम लिहून ठेवले, त्यांत मुखावर प्रथम हिरव्या मातीचे दोन हात द्यावेत, मग गालांवर व ओठांवर गुलाबी छटा आणावी, आणि शेवटी त्वचेचे तीन उत्तरोत्तर उजळ रंग असे चढवावेत की खालचा हिरवा अगदी नाहीसा होऊ नये, असे सांगितले आहे; मृताच्या मुखाला गुलाबी छटा देऊ नये, हेही तो बजावतो. आजचा छंदिष्ट ॲक्रिलिक रंग वापरतो, तरी गडद अस्तरापासून उजळ उठावाकडे जाण्याचा क्रम तोच आहे. वीतभर मस्तकावर खोलीतल्या उजेडाची सावली पुरेशी खोल पडत नाही. म्हणून भुवईखालची आणि नाकालगतची छाया कुंचल्यानेच घालावी लागते.

परंतु पुतळा कलावंताचा असला म्हणजे एक निराळाच पेच उद्भवतो. व्हॅन गॉगचे मस्तक रंगवावयाचे तर ते माणसाच्या त्वचेचे करावे, की त्याने स्वतःला ज्या वर्णांत पाहिले त्या वर्णांचे? १८८९ च्या सप्टेंबरमधील त्याच्या आत्मचित्रात दाढी नारिंगी तांबडी आहे, आणि चेन्नीनी ज्याला त्वचेखाली ठेवू पाहत होता तो हिरवा येथे गालांवर उघडपणे वावरतो आहे. हे आत्मचित्र ज्याने नीट पाहिले, तो छंदिष्ट त्वचेचा शेवटचा हात देत नाही, हिरव्यावरच थांबतो.