सुताची परीक्षा

मार्क हाताच्या कामाला द्यायचे की वहीतल्या उत्तरांना, हा प्रश्न आपल्या शिवणवर्गापुरता नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांच्या शिक्षणाची योजना आखली आणि रोज तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिली. एवढा वेळ टकळीवर गेल्यावर पाठांतर घेऊन काय कळणार?

सुताचे बरे असते, ते मोजता येते. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. गुंड्या मोजल्या की कातणाराचा वेग समजतो. पण घाईचे सूत जाडेभरडे येते, म्हणून तेही तोलायचे. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतील तितका सुताचा नंबर. वीस नंबरी सूत दहा नंबरीहून बारीक. शिवाय मजबुती नि सारखेपणा पाहायचा तो निराळाच. माझी आजी तर डोळे मिटून नुसत्या चिमटीने सूत पारखी.

शाळेतला माल विकून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची कल्पना. पण उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षण बाजूला पडेल, हा धोका समितीने स्वतःच लिहून ठेवला होता. मला तो खराच वाटतो. गुंड्या वाढल्या म्हणून मूल शहाणे झाले असे थोडेच आहे?

तरी उलटी चूकही मी भोगली आहे. शिवणाच्या परीक्षेत माझे पोलके बेतशीर उतरले, पण लेखीत अडले आणि नापास झाले. परीक्षकांनी ते उलटून टीपसुद्धा पाहिली नाही. तेच पोलके मी पुढे सहा वर्षे वापरले.