विजेचा झटका आणि भुलीचा पेच

१९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती व बिनी यांनी मेंदूतून वीज सोडून रुग्णाला कृत्रिम आकडी आणली, तेव्हा भूल दिली जात नसे. आकडीच्या जोराने मणकेही मोडत. पुढे १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलिनने स्नायू शिथिल करता येऊ लागले. पण जागेपणी सर्वांग लुळे पडणे, श्वासही न घेता येणे, ही यातनाच. म्हणून भूल अपरिहार्य ठरली.

पेच इथेच आहे. तीव्र नैराश्यात गुण येतो तो आकडीने, आणि भुलीची बरीच औषधे आकडीच दाबतात. प्रोपोफॉल तिचा काळ आखूड करते. केटामाइन तिच्या फारसे आड येत नाही, पण रक्तदाब चढवते.

भारतात मात्र ‘कोणती भूल’ याआधीचा प्रश्न ‘भूल देणार कोण’ हा होता. भूलतज्ज्ञांअभावी अनेक ठिकाणी भुलीविनाच झटके दिले जात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने त्यावर बंदी घातली. हे फार उशिरा झाले. गोंदियाच्या रुग्णासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. झटके सहसा आठवड्यातून दोन-तीनदा द्यावे लागतात आणि भुलीसाठी प्रत्येक वेळी उपाशीपोटी यावे लागते.