हवाईयन भाषेचे पुनरुज्जीवन
अमेरिकेच्या हवाई राज्यातील मूळ रहिवाशांची भाषा नव्या पिढीत रुजवण्यासाठी पालक, शिक्षक व भाषाप्रेमींनी उभारलेली चळवळ. हवाईयन ही पॉलिनेशियन गटातील भाषा असून माओरी व ताहितीयन या तिच्या भगिनीभाषा होत. एकोणिसाव्या शतकात शाळा, न्यायालये व वृत्तपत्रे यांत ती सर्रास वापरात होती. १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्याने इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम ठरले. हळूहळू घरातूनही हवाईयन मागे पडली. १९८० च्या सुमारास ती सहज बोलणारी मुले मुख्यतः नीइहाउ या लहानशा बेटावरच उरली होती.

१९७२ पासून लॅरी किमुरा यांनी रेडिओवर वृद्ध भाषकांच्या हवाईयनमधून मुलाखती घेतल्या. ती ध्वनिमुद्रणे आज अनमोल ठेवा आहेत. १९७८ मध्ये भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. माओरी बालवाड्यांपासून प्रेरणा घेऊन १९८३ मध्ये ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था स्थापन झाली. तिची पहिली बालवाडी १९८४ मध्ये काउआइ बेटावरील केकाहा येथे निघाली. तेथे खेळ, गाणी, जेवण सारे हवाईयनमधूनच चालते. पालकांनाही भाषावर्गाला बसावे लागते आणि दरमहा ठरावीक तास बालवाडीच्या कामाला द्यावे लागतात. त्यांच्या चिकाटीच्या पाठपुराव्यामुळे १९८६ मध्ये शाळांतील हवाईयन माध्यमावरील निर्बंध उठला. १९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. १९९९ मध्ये या माध्यमातील पहिल्या तुकडीने शालेय शिक्षण पूर्ण केले. हिलो येथील हवाई विद्यापीठात उच्च शिक्षणाचीही सोय आहे. काही घरांत मुले पुन्हा हवाईयन मातृभाषा म्हणून बोलू लागली, हे या चळवळीचे सर्वांत मोठे यश होय.