सुकाणू एकाचे, नाव दुसऱ्याचे

मोटार वळताना तिची पुढची चाके तुम्ही कधी निरखून पाहिलीत का? दोन्ही सारखी वळत नाहीत, बरं का! आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते अधिक वळावे लागते. पूर्वी घोडागाडीचा सबंध पुढचा आंसच मधल्या खिळीवर फिरे. वळण जरा तीव्र आले की गाडी कलंडायची, माणसे जायबंदी व्हायची. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने आंस जागेवर ठेवून प्रत्येक चाकाला वेगळी खीळ दिली. लंडनमधला त्याचा मुखत्यार ॲकरमन हा चित्रे-पुस्तके छापणारा गृहस्थ. १८१८ साली पेटंट निघाले ते त्याच्या नावाने! पुढे कार्ल बेंझची १८८६ ची मोटार तीनचाकी झाली, कारण चार चाकांचे सुकाणू त्याला जमेना. ते साधले १८९३ मध्ये. युक्ती मात्र पाऊणशे वर्षे आधीचीच. पुस्तकांत अजूनही ‘ॲकरमनची रचना’ असेच छापतात.